मागं कोन हाय?

मंडळी, आज संध्याकाळी उरणच्या टपरीवर आमचा फुटबॉलचा कट्टा पुन्हा बसला. गेल्या महिन्यात आमचा विलास हार्ट अटॅकने गेला, त्यानंतर पहिल्यांदाच.

विषय जोरदार होता. आमच्या लाडक्या इंग्लिश क्लबला नवा मॅनेजर आलाय आणि तो मागे तीनच डिफेंडर ठेवणार म्हणे. आमच्याकडे टीम टेबलावर उकडलेल्या शेंगांनी मांडतात. सादिकने मांडली. मागे तीन, पुढे तीन.

"मस्त," मी म्हणालो.

"मस्तच," बाकीचे म्हणाले. चहा यायच्या आत विषय संपला.

एरवी नेमका इथेच विलासचा हात मध्ये यायचा. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा तो. पुढची एक शेंग उचलून मागे ठेवायचा आणि ओरडायचा, "मागं कोन हाय रं?" मग तासभर भांडण. त्याला सगळ्यात जास्त शिव्या सादिकच घालायचा.

आज सादिकनेच पुढची एक शेंग उचलून मागे ठेवली.

"आता बोला," म्हणाला.

ती शेंग परत पुढे सरकवायची हिंमत कोणाची झाली नाही. उठेपर्यंत बाकीच्या शेंगा आम्ही खाऊन टाकल्या. ती तेवढी राहिली.

नवा मॅनेजर टिकेल का, खाली लिहा. आणि कृपा करून आमच्याशी सहमत होऊ नका. कोणीतरी भांडा रे.