पापड न करायचं वर्ष

मला मेलं स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही, आणि त्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही. हे पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून सुरतेत गोडादऱ्याला घरी यायचे ते धापा टाकत, पाय सुजलेले. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, हृदयावर ताण आलाय म्हणाले. "मीठुं ओछुं करो. पापड, अथाणुं तो बंध ज!"

मी लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली. भाजीत चिमटीनं मीठ टाकायला लागले. तरी जिवाला चैन नाही. हे जेवायला बसले की मी समोर बसून यांचा हात बघायची. "सुखानं जेवू देशील का?" म्हणून खेकसायचे.

चैत्र लागला. आमची गल्ली सगळी खानदेशातली; आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, उडदाचं पीठ कुटायचं आणि पोळपाट-लाटणी घेऊन सगळ्यांनी जमायचं. मी सांगून टाकलं, यंदा आमच्याकडे पापड नाहीत. डबा भरलेला असला की हे खाणारच, मी काय दिवसभर पहारा देऊ?

सासूबाई पेटल्याच. घरात कुणी गेलं तरच त्या वर्षी पापड करत नाहीत, ही आमची रीत. "मना पोऱ्या जित्ता शे," त्या ओरडल्या, "आनि तू सुतक पाळस?"

मीही ओरडले, पण ते 'सुतक' काही मनातून जाईना. घासलेली भांडी पुन्हा घासली, झाडलेली खोली पुन्हा झाडली. असलं काही मी मानत नाही म्हणायची, पण कुंकू माझंच होतं ना!

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आले तर सासूबाई एकट्याच पापड लाटत बसलेल्या. माझं डोकं सणकलं. ताटातली एक लाटी उचलून तोंडात टाकली. मीठ नाही, पापडखार नाही, नुसता उडीद आणि मिरी.

"शकुनापुरता," त्या मान वर न करता म्हणाल्या. मी दुसरं लाटणं घेतलं.

वाळल्यावर त्यांनी स्वतः एक भाजला. फुलला म्हणून नाही, नुसता करपला. यांनी तो शेवटपर्यंत चावून खाल्ला आणि म्हणाले, "माय, यामा मीठच नही."

एरवी सासूबाईंच्या पापडाला नाव ठेवणाऱ्याची धडगत नसे. त्या दिवशी त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "तू शे ना."