मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक

लांबच्या प्रवासाला आरामशीर पडेल अशी जुनी पण भारीतली गाडी घ्यायची म्हणून मी बायकोला घेऊन लातूरच्या एका यार्डात गेलो होतो. मी प्रत्येक गाडीत स्टेअरिंगमागे बसून बघत होतो. तिथंच ते गृहस्थ दिसले. उदगीरकडचे व्यापारी असावेत. कपाळाला विभूती, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

ते पुढं बसतच नव्हते. मागचं दार उघडायचे, चपला बाहेर काढायचे, सीटवर मांडी घालून डोळे मिटायचे आणि यार्डवाल्याला म्हणायचे, "चला, खड्ड्यांतून घ्या." फेरी मारून आले की नुसती मान हलवायचे आणि पुढच्या गाडीकडं वळायचे.

"आमची कारभारीण पाय सोडून बसली की पाय सुजत्यात," त्यांनी मला सांगितलं. "लेक बंगळूरला दिलीय. पायापायी तिच्याकडं जायचंच टाळून राहिली."

"मग काकूंनाच आणायचं की," यार्डवाला म्हणाला.

"तिला आणलं असतं तर पहिल्याच गाडीला चांगली हाय म्हणली असती."

एवढं बोलून ते पुढच्या गाडीत शिरले.

मला पसंत पडलेल्या गाडीत माझी बायको मागं बसली होती. मी दार उघडून विचारलं, "कशी वाटते?"

"चांगली हाय की," ती म्हणाली.

मी चपला काढल्या आणि तिला जरा पलीकडं सरकायला सांगितलं.