माइक नसलेला कंट्रोलर

रविवारी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात शैलावहिनींचा फोन आला. "अशोकभाऊ, आज येऊ नका..." म्हणाल्या. मग, "नाही, या. लवकर या. हे गेले." सुधाकरदादा, माझा मावसभाऊ, झोपेतच गेला होता. दर रविवारी मी दिलसुखनगरला त्याच्याकडे फुटबॉल खेळायला जायचो. मैदानावरचा नाही, टीव्हीवरचा. पन्नाशी ओलांडलेला मी आणि बँकेतून निवृत्त झालेला तो. दादाचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, त्याचं गेमचं यंत्र हॉलमध्ये धूळ खात पडलं होतं, ते दादानं एके दिवशी पुसून सुरू केलं. "एवढं महागाचं, भंगारात देऊ का?" म्हणाला, आणि मला बोलावून घेतलं.

त्याची मतं ठाम असायची, आणि चाललेलं बोलणं कंट्रोलरचं की देशाचं, हे पुष्कळदा कळायचं नाही. बिनतारी कंट्रोलरवर त्याचा राग. "कुणाशी जोडलाय पत्ता लागत नाही, आणि ऐन वेळी चार्जिंग संपतं. पुढारी आहे का काय!" मी हरलो की बटणांना दोष द्यायचो. "हौ का? पडलेला प्रत्येक उमेदवार हेच म्हणतो, मशीनच खराब होतं." गोल खाल्ल्यावर कंट्रोलर हातात थरथरतो, ते मात्र त्याला फार आवडायचं. "ही सोय एखाद्या मंत्र्याच्या खुर्चीला आहे का सांग." आतून वहिनी ओरडायच्या, "दोघंही हौले आहात, अक्कल नावाला नाही. चहा निवला तिकडं." मी बोलायला कमी. त्याला ऐकणारा हवा होता आणि मला ऐकायला आवडायचं... आमचं जमायचं ते असं.

जुन्या कंट्रोलरची कांडी झिजली की अंगठा काढला तरी पडद्यावरचा खेळाडू आपोआप एका बाजूला सरकत राहतो. त्याला ड्रिफ्ट म्हणतात. माझ्या कंट्रोलरला ते झालं, म्हणून आम्ही सुलतान बाजारातून नवा आणला. दुकानातच दादा म्हणाला होता, "याच्यात माइक आहे बरं. क्लिप साठवलीस की आपलं बोलणंसुद्धा जातं त्यात." मी ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं मी ऐकलंच नसल्यासारखा वागलो.

चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली होती. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं दादाच करायचा. नांदेड-परभणीकडून इथं परराज्यात आलेल्या आमच्या घरांतली पोरं आता मराठी अडखळत वाचतात, पण त्या दिवशी दादाचं बोलणं कान देऊन ऐकायची. त्या रविवारी खेळता खेळता तो म्हणाला, "आपले अध्यक्ष म्हणजे ड्रिफ्ट झालेला कंट्रोलर रे. गळ्यात निळा पट्टा, आणि हात काढला की जिकडं खुर्ची तिकडं सरकतात." मी खदखदून हसलो आणि त्या हसण्यात माझ्याकडून गोल झाला. दादावर गोल म्हणजे माझ्यासाठी सणच. मी बटण दाबून तो साठवला, मोबाइलवर घेतला आणि मिलिंदला पाठवला. मिलिंद दादाचा सख्खा धाकटा भाऊ. "अशोक्या, तुझा गोल बघायला मी जिवंत राहीन का?" म्हणून मला नेहमी चिडवायचा. पाठवण्याआधी मी क्लिप एकदा लावून पाहिली होती. दादाचा आवाज स्वच्छ येत होता. मिलिंद हसेल, एवढंच मनात आलं.

तो हसलाच. मग हसत हसत त्यानं ती दोन मित्रांना पाठवली, आणि संध्याकाळपर्यंत ती मंडळाच्या ग्रुपवर आली. मिलिंद ज्या पक्षाचं काम करायचा तो अध्यक्षांच्या विरोधातला. विहाराच्या हॉलमध्ये बैठक बसली. अध्यक्ष दादाकडे न बघता म्हणाले, "घरातल्या घरात बोललेलं बाहेर कुणी काढलं ते आधी कळू द्या." मिलिंद उठला. "मला अशोकनं पाठवलं. विचारा त्याला." सगळे माझ्याकडे वळले. मी आयुष्यात कधी बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. म्हणालो, "मी फक्त गोल पाठवला. त्यात आवाज नव्हता."

घाबरून बोललो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पण मिलिंद राजकारणातला आहे, त्याच्यावर हे सहज खपेल, हेही मला त्याच क्षणी दिसलं होतं. खपलंच. आवाज नंतर जोडला, भावालाच राजकारणासाठी वापरलं, असं ठरलं. त्या वर्षी सूत्रसंचालन दुसऱ्याकडे गेलं. बैठकीत दादा मिलिंदच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही म्हणून मिलिंदनं त्याच्याकडे येणं सोडलं, आणि नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडणारा दीर वहिनींनाही नकोसा झाला.

पुढच्या रविवारी मी गेलो तर दादानं माझ्या जागेवर वायरवाला साधा कंट्रोलर ठेवला होता. "घे. याच्यात माइक नाही, बिनधास्त बोल." एवढंच. आवाजात राग नव्हता... असता तर बरं झालं असतं. त्यानंतर खेळताना राजकारणावर तो कधी बोलला नाही. निघताना दारात मात्र म्हणायचा, "मिलिंदला एक फोन कर की. तू केलास तर येईल तो." मी म्हणायचो, "हौ, करतो." तो स्वतः सगळं सांगून मोकळा होऊ शकला असता. तो माझ्यासाठी थांबला होता. मी दर रविवारी हौ म्हटलं आणि जिना उतरलो.

स्मशानात मिलिंद फाटकापाशी उभा होता. वहिनींनी मला बोलावलं. "त्यांना सांगा, पुढं यायचं नाही." आणि मी गेलो! मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. "हे सांगायला तूच आलास का?" मी तसाच मागं फिरलो. तो तिथंच चपला काढून हात जोडून उभा राहिला, धूर दिसेपर्यंत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर चार दिवसांनी मी वहिनींसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही माझ्या हातचा चहा पीत राहिलात." मग फोन माझ्यापुढे सरकवला. "लावा. माझ्यासमोर बोला." मी लावला. बैठकीत जे बोलायला हवं होतं ते बोललो. मग मिलिंद म्हणाला, "वहिनीला फोन दे." मला तो एवढंच बोलला. वहिनींनी फोन कानाला लावला आणि "भाऊजी, घरी या" म्हणताना मात्र त्यांना रडू फुटलं. मी उठलो. त्या घरातून निघताना "बस की अजून" असं कुणी म्हटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मंडळातल्या लोकांनाही कळावं म्हणून हे इथं लिहिलं. रविवारी पाय सवयीनं दिलसुखनगरला जातात. रस्त्याच्या पलीकडून दादाच्या हॉलची खिडकी दिसते. मागच्या रविवारी ती उघडी होती आणि आतून मिलिंदचा चढलेला आवाज येत होता, कुठल्याशा मंत्र्याला शिव्या देणारा, आणि मध्येच वहिनींचं "हळू बोला हो, शेजारी ऐकतात." मी थोडा वेळ ऐकत उभा राहिलो. वर गेलो नाही.