चढावर बसणारी गाडी

अगं, नीट ऐक बघू. नवीकोरी गाडी कुरकुरायला लागली आणि तू ‘माझ्याच हाताचा दोष असेल’ म्हणून गप्प बसलीस? शहाणीच आहेस! आमच्या धाकट्या भावजींनी हे ऐकलं, तर तुला चहासुद्धा देणार नाहीत!

विकत घेतलेल्या वस्तूवर एवढा हक्क सांगणारा माणूस अख्ख्या कडेगावात दुसरा नाही. फौजेतनं आले, पण जन्म बैलबाजारात गेल्यासारखा. मिक्सर घेतला तेव्हा दुकानातच शेंगदाण्याची चटणी वाटली, सगळ्या गिऱ्हाइकांना चाखवली, मगच घरी आले.

त्यांची लेक खंडाळ्याला दिलेली, नुकते दिवस गेलेले. तिला पहिल्या बाळंतपणाला स्वतःच्या गाडीतनं आणायची म्हणून हौसेनं गाडी घेतली, तर ती चढ आला की बंद पडून मटकन बसायची! खंडाळ्याहून येताना तर वाटेत घाट. पोटुशी पोर आणायची कशी? जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण भावजी गावात कुणाला बॉनेटला हात लावू देतील तर शपथ! “भाईरच्यानं उघडलं की वॉरंटी गेली म्हणत्यात, वैनी.” काच पुसायचं पाणीसुद्धा भरू देईनात!

सांगलीच्या शोरूममध्ये गाडी मांजरासारखी गुरगुरली. मॅनेजर हसला, “काका, गाडी ठणठणीत आहे. चालवायची सवय लागते.”

“आवं सायेब, बाजारात उभा बैल समदाच चांगला. आमच्यात औताला धरून बघत्यात, बसला तर जुन्या धन्याच्या दावणीला परत. चला, बसा गाडीत!”

साक्षीदार म्हणून मलाही मागं कोंबलं. थेट सागरेश्वराचा चढ. निम्म्यात गाडी बसली आणि भावजी पोरासारखे ओरडले, “बसली! वैनी, बसली!” मग मॅनेजरच्या हातात चाक दिलं. त्याच्याही हातात बसली! मागं उसाच्या ट्रॅक्टरांचे भोंगे नुसते. घामाघूम होऊन तो म्हणाला, “दुरुस्त करून देतो, काका.”

“करा की. वॉरंटी हाय, उपकार न्हाई. परत बसली तर दुसरी गाडी, न्हाईतर ग्राहक आयोग!”

परत बसली. भावजींनी खरंच आयोगाची पायरी चढायची तयारी केली, तेव्हा कुठं कंपनी हलली आणि दुसरी गाडी आली गं!

जाऊबाईंनी ती ओवाळली. पण लेकीला आणण्याआधी भावजींनी काय करावं? मागच्या सीटवर तिच्या वजनाचं गव्हाचं पोतं बसवलं, बाळाची म्हणून त्यावर तांदळाची पिशवी ठेवली, आणि तोच चढ चढून आले. लेकीला आणताना तर घाटात एवढे हळू, की ती म्हणाली, “आबा, मी चालत गेले असते तर लवकर पोचले असते.”

आता ती बाळाला घेऊन सासरी गेलीय. भावजी अजून अधूनमधून गाडी त्या चढावर नेऊन आणतात, मागची सीट रिकामीच. विचारलं की म्हणतात, “वॉरंटी हाय तवर बघून ठिवतो.”

म्हणून म्हणते, लवकर कडेगावला ये गं. ती कुरकुरणारी गाडी घेऊनच ये. त्यांना तेवढंच कुणाला तरी मागं बसवून चढावर न्यायला मिळेल.