सापाचा वेग

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ह्यांना रोज घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं. त्याऐवजी ह्यांनी वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमधली प्रत्येक खुर्चीत बसून पाहिलं. "अहो, उठा जरा," म्हटलं की म्हणायचे, "कुठे जाऊ? स्वयंपाकघर माझं पाहून झालंय."

मी तेव्हा हडपसरच्या एका आयटी कंपनीचं काम घरून करत होते. एका गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर फार जुनं होतं, म्हणून माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन घातलेलं. म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक. त्यात कुठल्याही काळातली ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने नांदते. एका दुपारी काम संपल्यावर गंमत म्हणून मी त्यात विंडोजच्या आधीच्या काळातलं डॉस चालू केलं. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी पांढरी रेघ. ह्यांनी खुर्चीतूनच मान लांब केली.

"हे आपल्या क्लासमधलं का गं?"

आमची ओळखच त्या क्लासमधली. स्वारगेटजवळ, सायकलच्या दुकानाच्या वर. तेव्हा पुण्यात जो तो संगणक शिकत होता. मी वर्ध्याहून नोकरी शोधायला आलेली, हे कारखान्याची पाळी संपवून यायचे. चपला दाराबाहेर काढायच्या आणि एका संगणकावर दोघांनी बसायचं. सर बाहेर गेले की आम्ही सापाचा खेळ काढायचो. साप दाणे खात लांब होत जातो आणि भिंतीला धडकला की मरतो. "आपला साप गेला. आता उठावं," हे ह्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं.

मी तसाच एक खेळ शोधून त्या मशीनमध्ये घातला आणि लॅपटॉप ह्यांच्यापुढे ठेवला. अट एकच, साप मेला की गॅलरीपर्यंत चालून यायचं.

"ठीक आहे," हे म्हणाले. "मी काही मरू देणार नाही."

पण जुना खेळ नव्या प्रोसेसरवर भलताच पळतो. ह्यांचं बोट बटणापर्यंत पोहोचायच्या आत साप भिंतीवर आपटायचा. वॉकर घेऊन हे गॅलरीत जात, परत येत, पुन्हा तेच. रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत ह्यांना घाम फुटला होता.

"तुझं यंत्र बिघडलंय," हे म्हणाले. मलाही दया आली. मशीनला मिळणारा प्रोसेसरचा वाटा मी कमी केला, तसा साप शहाण्यासारखा चालायला लागला. ह्यांचा हात बसला आणि चालणं थांबलं. साप पडदाभर वेटोळी घालतोय आणि हे खुर्चीत निवांत.

मग मी रोज सकाळी, हे अंघोळीला गेले की, वेग किंचित वाढवू लागले. साप पुन्हा मरू लागला, गॅलरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुढे वॉकर गेला आणि काठी आली. ह्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, एवढी प्रगती कशी काय?"

"घरात साप आहे," हे म्हणाले. ती दोन पावलं मागे सरकली.

ती गेल्यावर हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वेग तू वाढवतेस ना?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही आरामात बसायला लागलात तेव्हापासून."

ह्यांनी काठी उचलली. "वाढव अजून थोडा. मी खाली सोसायटीच्या बाकापर्यंत जाऊन येतो."