चंपाचा चौरंग

जनू मूळचा पेणच्या खाडीकाठचा. मिठागरावर भरतीचं पाणी अडवणारी लाकडी दारं त्याचे बाप-आजे बसवत आले, त्यामुळे रेट्याला टिकणारं काम त्याच्या हातात होतं. देखणं मात्र नव्हतं. बासष्ट साली दाजींच्या सर्कशीत तो सामानाचा हमाल म्हणून लागला आणि वर्षभरात जनावरांच्या खेळाचं सगळं लाकूडकाम त्याच्याकडे आलं. जीव मात्र हत्तिणीच्या चौरंगात. चंपा त्यावर चारही पाय गोळा करून उभी राहायची आणि चढताना खाली बघायचीसुद्धा नाही. याचा जनूला कोण अभिमान!

मुक्काम हलला की ट्रकच्या हिसक्यांनी चौरंगाच्या पाचरा सैल होत. खेळाआधी त्या ठोकायच्या आणि स्वतः वर चढून नाचून बघायचं, हा त्याचा नेम.

पेणच्या मुक्कामात भाच्याच्या लग्नाला तो आठ दिवस गावी गेला. परत येतो तर चौरंगाच्या जागी भलं थोरलं गुलाबी कमळ! पेणजवळच्या जोहे गावचा दत्तात्रेय, गणपती घडवणारा, दाजींनी नुकताच रंगकामाला ठेवला होता, त्याची ही करामत. दाजी कौतुक करून थकत नव्हते. जनूच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला चौरंग कुठे गेला हे त्याने विचारलंही नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि त्याचं फुगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर्कस रोह्याला निघाली. कमळ ट्रकात चढवताना चौघांना घाम फुटला.

"कागदाचा फूल म्हनं! आत दगड भरलंस काय रं?" जनू खेकसला.

"जपून, जनूदादा, पाकळ्या दुमडतील," दत्तात्रेय म्हणाला. जनू आणखीच पेटला.

रोह्यात पहिल्या खेळाआधी दत्तात्रेय त्याच्याकडे आला. "दादा, चंपा चढायच्या आधी एक हात फिरवता का कमळावर?"

"तुजा कमळ. तूच फिरव."

खेळ सुरू झाला. जनू पडद्याआड उभा राहिला. कमळ मोडावं असं काही आपल्याला वाटत नाही, असं तो मनाला सांगत होता, आणि ते साफ खोटं होतं. चंपाने एक पाय ठेवला. कर्रर्र आवाज झाला. तिने पाय मागे घेतला तो घेतलाच. बँड पुन्हा वाजला, माहुताने गोंजारलं, पब्लिकने शिट्ट्या मारल्या, चंपा ढिम्म. जनूला कसं गार गार वाटलं.

दाजींनी कमळ आत ओढून आणवलं आणि रागाने पाकळ्या फाडल्या. आत बाभळीचे चार जाड पाय. जनूच्या हातचे. पाचरा इतक्या सैल की बोट जावं.

"सोताचा चौरंग वळखला नायस?" दाजी ओरडले.

दत्तात्रेय गोंधळून म्हणाला, "मी फक्त वरून कागद लावला, दादा. एवढं पक्कं लाकूडकाम मला कुठलं जमायला?"

जनूला ती तारीफ शिवीसारखी लागली. त्याने पाचरा ठोकल्या आणि वर चढून घाम निघेस्तोवर नाचला. तरी दुसऱ्या खेळात चंपा चौरंगापाशी थांबली. सोंडेने त्याचे चारही पाय चाचपले, आपल्या एका पायाने दोनदा दाबून बघितलं आणि मगच चढली. लोकांना वाटलं, हे तिला शिकवलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि दाजींनी ते तसंच खेळात ठेवलं.

पुढे अकरा वर्षं, रोज दोन खेळ, चंपा लोकांदेखत जनूचं काम तपासत राहिली.