किमयाने फिरवून लावलेला स्फटिक

माझी मुलगी किमया सव्वीस वर्षांची आहे. पेणला शिकली, आता मुंबईत लोहयुक्त अतिवाहकांवर, म्हणजे खूप थंड केल्यावर विनाअडथळा वीज वाहू देणाऱ्या पदार्थांवर, संशोधन करते. तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, थंड करायला वापरता त्या द्रवरूप हेलियमने हात भाजत नाहीत ना? "भाजतात, म्हणून हातमोजे घालतो," म्हणाली. तेव्हापासून मला घोर आहेच.

तिचा स्फटिक तांदळाच्या कणीएवढा, लोह आणि सेलेनियमचा. त्यात अणूंची जाळी चौरस असते. थंड करत नेलं की एका ठरावीक तापमानाला इलेक्ट्रॉन आडवी किंवा उभी अशी एक दिशा धरतात, आणि जाळीही किंचित लांबट होते. त्याआधी त्यांची नुसती चुळबुळ चालते, तिच्यामुळे जाळीची कंपनं मंदावतात. किमयाच्या स्फटिकात मात्र दिशा खूप आधीच, बऱ्याच जास्त तापमानाला, ठरलेली दिसत होती. सात महिने तेच येत होतं. सोमवारी सगळ्या विभागापुढे ती हे नवा शोध म्हणून मांडणार होती.

त्याआधी बुधवारी ती दोन दिवसांसाठी घरी आली. आमचं घर पेणजवळ, खाडीकाठी. तिचे बाबा रोह्याला कंपनीत, शिफ्टला गेलेले. ओट्यावर माझे सासरे गुणाजी होते, चाळीस वर्षं मिठागरात राबलेले. तिने त्यांना आलेख दाखवला.

"खडा ठेवतेस कशावर गो?"

"तांब्याच्या अरुंद पट्टीवर, आजोबा. गोंदाने चिकटवते."

"दर टायमाला तसाच?"

"तसाच. मोजमाप एकसारखं नको?"

"मीठ एकाच कडेला जमाया लागलं का आमी आधी वारा बघायचो. वारा फिरला तरी त्याच कडेला जमतंय, तर मग तळ कलता हाय. तू खडा फिरवलास?"

"आजोबा, हे मीठ नाय."

"व्हय, नाय. मीठ असतं तर सात महिन्यांत वखार भरली असती!"

ती हसली, पण रात्री जेवताना ताटातली भाकरी तशीच राहिली. थंड होताना पट्टी आणि गोंद आकसून स्फटिकाला एका बाजूने ओढतात, हे तिला ठाऊक होतं. तो ताण किरकोळ असेल, असं तिने धरलं होतं.

"खोटं निघालं तर गं?" मी विचारलं.

"तर सोमवारी तेच सांगायचं."

दुसऱ्याच सकाळी ती निघाली. रविवारी फोन आला.

"आई, स्फटिक काटकोनात फिरवला. दिशा फिरली नाही, पट्टीबरोबरच राहिली."

"म्हणजे?"

"म्हणजे सात महिने मी गोंदाचा ताण मोजला."

जेवलीस का, एवढंच मी विचारलं.

सोमवारी तिने स्फटिक फिरवण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले आणि काय चुकलं ते सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. तिच्या मार्गदर्शकांनी प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांकडे वळून विचारलं, अशीच पट्टी आणखी कोण वापरतं?

तीन हात वर झाले. दुपारपर्यंत तिघांनीही आपापले स्फटिक सोडवून घेतले, आणि पट्टीने स्फटिक ओढू नये म्हणून एकाच कोपऱ्यावर गोंदाचा ठिपका कसा ठेवायचा ते किमया त्यांना दाखवत होती.